न झालेल्या राज्याचा मुख्यमंत्री : वेलिंग्टनमधली टिपणे

१.
ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेचा १९०० चा कायदा, कलम सहा. 'राज्ये' कुठली, याची यादी: न्यू साउथ वेल्स, न्यूझीलंड, क्वीन्सलँड, टास्मानिया, व्हिक्टोरिया, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, साउथ ऑस्ट्रेलिया. न्यूझीलंड दुसरे. सव्वाशे वर्षे झाली, ओळ तशीच आहे.

२.
म्हणजे रिचर्ड जॉन सेडन ऑस्ट्रेलियातल्या एका राज्याचा मुख्यमंत्री व्हायचा राहिला. झाला तो न्यूझीलंडचा प्रीमियर. १ मे १८९३ ते १० जून १९०६. पाच निवडणुका लागोपाठ जिंकला. तेरा वर्षे आणि चाळीस दिवस. इथे हा विक्रम अजून उभा आहे.

३.
संसदेच्या आवारात त्याचा पुतळा आहे. शिल्पकार सर थॉमस ब्रॉक. लंडनच्या राजवाड्यासमोरचे व्हिक्टोरिया राणीचे स्मारक त्याचेच. सेडनचा पुतळा १९१५ मध्ये बसला. पोट लपवण्याचा प्रयत्न शिल्पकाराने केलेला नाही. सेडनचे वजन वीस स्टोनच्या आसपास होते, म्हणजे सव्वाशे किलोच्या वर. लोक त्याला 'किंग डिक' म्हणत.

४.
शेजाऱ्यांचे वडील पुसदहून सहा महिन्यांसाठी आलेत. जिल्हा परिषदेतून निवृत्त. दक्षिणेचा वारा सुटला होता म्हणून माकडटोपी, वरून मफलर. पुतळ्यासमोर उभे राहून विचारतात, "हे कोण?"
"इथले पंतप्रधान होते, काका. तेरा वर्षं."
"तेरा? सलग?"
"सलग."
काका थोडा वेळ गप्प. वसंतराव नाईक १९६३ ते १९७५, अकरा वर्षे आणि काही दिवस. महाराष्ट्रात तो विक्रम, आणि पुसदकरांना तो तोंडपाठ.
"मग मुलगा होता का यांना?" काकांनी विचारले.

५.
जन्म २२ जून १८४५, लँकेशायरमध्ये. वडील मुख्याध्यापक, आईही शिक्षिका. पोराला शाळेत गती नाही. बाराव्या वर्षी आजोबांच्या शेतावर रवानगी. चौदाव्या वर्षी कारखान्यात उमेदवारी. तिथे पगारवाढ मागितली, नोकरी गेली.

पुढे कामगारांसाठी जगातला पहिलावहिला सक्तीच्या लवादाचा कायदा याच्याच कारकिर्दीत झाला. १८९४.

६.
१८६३ मध्ये 'ग्रेट ब्रिटन' नावाच्या जहाजातून मेलबर्नला. विल्यम्सटाउनच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये नोकरी. मग बेंडिगोला सोने शोधायला. सोने मिळाले नाही. मिळाली लुइझा जेन स्पॉट्सवूड. मुलीच्या घरच्यांनी अट घातली: आधी नीट कमवायला लाग, मग लग्नाचे बोल.

७.
मेलबर्नच्या पश्चिमेकडे स्पॉट्सवूड नावाचे उपनगर आहे, सासरेबुवांच्या घराण्याच्या नावाचे. सेडन नावाचेही आहे, जावयाच्या नावाचे. दोन्ही एकाच लोकलच्या मार्गावर. मध्ये एकच स्टेशन, याराव्हिल.

वेरिबी, पॉइंट कुक, टार्नीट या भागांत आता मराठी कुटुंबे बरीच. वेरिबीहून शहरात कामाला जाणारी मंडळी रोज सकाळी सासऱ्याकडून जावयाकडे जातात आणि संध्याकाळी उलट.

८.
१८६६ मध्ये न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, पुन्हा सोन्यासाठी. १८६९ च्या जानेवारीत मेलबर्नला जाऊन लग्न करून परत. सोन्यात काही सापडले नाही तेव्हा खाणकामगारांना सामान विकायला दुकान काढले. पुढे दारूचा परवानाही घेतला. कुमारा गावाचा पहिला महापौर, १८७७. दिवाळे, १८७८. आमदारकी, १८७९.

९.
खाणीच्या भागात हद्दीचे तंटे फार. वॉर्डनच्या कोर्टात बाजू मांडायला वकील लागे, वकील परवडत नसे. सेडन उभा राहायचा. कायद्याची पदवी नव्हती, आवाज होता. मतदारसंघ असाही बांधता येतो. तलाठी कार्यालयाबाहेर बसून सातबाऱ्याची कामे करून देणारे पुढे सरपंच झालेले आपण पाहिलेत.

१०.
दिवाळखोरीवरून विरोधक त्याला चिडवत. त्याच्या मंत्रिमंडळातला माजी खजिनदार जोसेफ वॉर्ड, जन्म मेलबर्नचा, १८९७ मध्ये दिवाळखोर झाला. कायद्याप्रमाणे जागा सोडली, पोटनिवडणुकीला उभा राहिला, परत निवडून आला. पुढे पंतप्रधानही झाला.

सरकारचे अंदाजपत्रक मात्र त्या काळात शिलकीचे असे.

११.
मोल्सवर्थ स्ट्रीटवर राष्ट्रीय ग्रंथालय. तळमजल्यावर अंधारलेल्या खोलीत स्त्रियांच्या मताधिकाराचा १८९३ चा अर्ज. सह्यांचे पाचशेहून जास्त कागद टोकाला टोक चिकटवून एकच लांबलचक पट्टी केली, ती झाडूच्या दांड्याच्या तुकड्यावर गुंडाळली. लांबी सुमारे २७० मीटर. सर जॉन हॉल यांनी ती सभागृहात उलगडत नेली. त्या वर्षीच्या सगळ्या अर्जांवर मिळून सह्या जवळपास ३२ हजार.

काचेखाली एका वेळी थोडाच भाग दिसतो. काळी शाई, उजवीकडे झुकलेली अक्षरे, पत्त्यात गल्लीचे नाव. एक-दोन सह्यांचे हस्ताक्षर सारखेच. शेजारणीच्या वतीने केली असावी.

१२.
सेडनला स्त्रियांचा मताधिकार नको होता. दारूबंदीवाल्या बायका आणि दारूवाले मतदार, दोन्ही त्याला चांगले ठाऊक होते. विधेयक खालच्या सभागृहातून सुटले. वरच्या सभागृहात ते पडावे म्हणून त्याने आपल्या पक्षाच्या एका सभासदाला तार करून मत फिरवायला लावले. हे कळल्यावर विरोधी बाजूचे दोन सभासद भडकले. ते विधेयकाच्या विरोधातले होते. दोघांनी सेडनवरच्या रागापोटी बाजूने मत दिले.

८ सप्टेंबर १८९३. वीस विरुद्ध अठरा.

१३.
गव्हर्नरची सही १९ सप्टेंबरला. स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मताधिकार देणारा पहिला स्वशासित देश. त्याच महिन्यात विवेकानंद शिकागोत बोलत होते आणि पुण्यात लोक वाड्यातला गणपती मांडवात आणत होते. मुंबई इलाख्यातल्या बायकांना मत मिळायला १९२१ उजाडले.

१४.
नोव्हेंबरात निवडणूक. लाखाहून जास्त बायकांची नावे यादीत, नव्वद हजारांनी मत दिले. सेडनचा पक्ष दणक्यात जिंकला.

१५.
संसदेजवळच्या काही सिग्नलना २०१४ पासून हिरवा माणूस नाही. हिरवी बाई आहे. लांब झगा, डोक्यावर हॅट. ही केट शेपर्ड, मताधिकाराच्या चळवळीची पुढारी. तिने परवानगी दिली की खासदार रस्ता ओलांडतात.

१६.
दहा डॉलरच्या नोटेवरही केट शेपर्ड. सेडन कुठल्याच नोटेवर नाही.

१७.
वृद्धांचे पेन्शन, १ नोव्हेंबर १८९८ चा कायदा. वय ६५ पूर्ण. वर्षाला १८ पौंड, म्हणजे आठवड्याला जेमतेम सात शिलिंग. अटी: देशात पंचवीस वर्षे वास्तव्य. मिळकत बेताची. चालचलणूक चांगली. बायकोला टाकून गेलेल्या नवऱ्याला नाही. अर्जाची सुनावणी मॅजिस्ट्रेटपुढे, उघड्या कोर्टात. म्हाताऱ्याने चारचौघांत सांगायचे की मी गरीब आहे, आणि सभ्यही आहे.

१८.
त्याच कायद्यात खाली आणखी एक ओळ. चिनी आणि इतर आशियाई लोकांना हा कायदा लागू नाही.

१९.
नोव्हेंबर. काकांचा हयातीचा दाखला. आता तो फोनवरून करता येतो, चेहरा दाखवून. व्हरांड्यात उजेड बरा म्हणून काका तिथे उभे. वाऱ्याने मफलर तोंडावर येतोय, फोन म्हणतोय डोळे उघडझाप करा. काका डोळे उघडझाप करतात. फोनला पटत नाही. शेवटी माकडटोपी काढली. पटले.
"झालो जिवंत," काका म्हणाले, आणि टोपी पुन्हा घातली.

२०.
इथल्या आजच्या पेन्शनला दहा वर्षांचे वास्तव्य लागत असे. कायदा बदलला, अट टप्प्याटप्प्याने वीस वर्षांवर जाणार आहे. चाळिशीत इथे आलेल्या मराठी माणसाला तोंडी हिशेब करताना पाहावे. सून-मुलाबरोबर राहायला आलेल्या आईवडिलांचा हिशेब कोणी मोठ्याने करत नाही.

२१.
चिनी माणसांवर डोईपट्टी १८८१ पासून होती, माणशी १० पौंड. सेडनच्या राज्यात, १८९६ मध्ये, ती १०० पौंड झाली. शिवाय जहाजातल्या दर २०० टन मालामागे एकच चिनी उतारू. पट्टीची वसुली १९३४ मध्ये थांबली, कायदा १९४४ मध्ये गेला. १२ फेब्रुवारी २००२ रोजी, चिनी नववर्षाच्या कार्यक्रमात, पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी संसदेत माफी मागितली.

सेडनने खाणकामगारांच्या सभांमध्ये चिन्यांविरुद्ध केलेली भाषणे गाजत. टाळ्या हमखास.

२२.
१८९९ चा इमिग्रेशनचा कायदा. ब्रिटिश किंवा आयरिश वंशाचा नसलेल्या माणसाने आत येण्याचा अर्ज कुठल्यातरी युरोपीय भाषेत स्वतः भरला पाहिजे. वंशाचा उल्लेख टाळून वंश गाळण्याची ही युक्ती दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीची, १८९७ ची. लंडनच्या वसाहत परिषदेत ती इतर वसाहतींपुढे नमुना म्हणून आली. सेडन त्या परिषदेला हजर होता.

नाताळमध्ये त्या कायद्याविरुद्ध अर्ज लिहीत बसलेला माणूस म्हणजे डर्बनमधला एक वकील, मोहनदास गांधी.

२३.
वेलिंग्टन रेल्वे स्टेशनच्या बाहेर गांधींचा पुतळा आहे, २००७ पासून. सेडनच्या पुतळ्यापासून चालत पाच मिनिटे. एकाच्या अंगावर कोट, एकाच्या अंगावर पंचा. वारा दोघांनाही सारखाच लागतो.

२४.
बोअर युद्ध. २८ सप्टेंबर १८९९ रोजी, युद्ध सुरू व्हायच्या आधीच, सेडनने सभागृहात सैन्य पाठवण्याचा प्रस्ताव मांडला. विरोधात फक्त पाच मते. २१ ऑक्टोबरला पहिली तुकडी वेलिंग्टनच्या बंदरातून निघाली. एकूण दहा तुकड्या, साडेसहा हजारांच्या आसपास माणसे, आठ हजार घोडे.

त्याच युद्धात नाताळच्या हिंदी लोकांचे रुग्णवाहक पथक जखमी उचलत होते, सुमारे अकराशे जण. म्होरक्या तोच वकील. दोघेही तेव्हा साम्राज्याच्या बाजूने.

२५.
हेनिंग स्ट्रीट, वेलिंग्टन. २४ सप्टेंबर १९०५, रविवार संध्याकाळ. लायोनेल टेरी नावाच्या इंग्रजाने जो कुम युंग या म्हाताऱ्या चिनी माणसाला गोळी घातली. ओळख नव्हती, भांडण नव्हते. आशियाई लोकांच्या येण्याकडे सरकारचे लक्ष वेधायचे होते, म्हणे. आधी उत्तरेकडून पायी चालत, वाटेत आपले पुस्तक वाटत तो राजधानीत आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच पोलिसांकडे गेला. फाशीची शिक्षा जन्मठेपेवर आली, वेडा ठरला, मनोरुग्णालयात राहिला आणि १९५२ मध्ये तिथेच वारला. बाहेर त्याच्या सुटकेसाठी अर्जांवर सह्या गोळा होत राहिल्या.

गल्ली आता आखूड आहे. गाड्यांची दुरुस्ती, गोदामे. जो कुम युंगच्या नावाची एक पाटी आहे, ती शोधावी लागते.

२६.
१९०५ मध्येच वृद्धांचे पेन्शन वाढून २६ पौंड झाले. आठवड्याला दहा शिलिंग. डिसेंबरात निवडणूक होती.

२७.
कामगारांसाठी सरकारी घरांचा कायदाही १९०५ चाच. पेटोनीला पॅट्रिक स्ट्रीटवर ती घरे अजून उभी आहेत. लाकडी, छोटा व्हरांडा, प्रत्येकाचा नकाशा थोडा वेगळा, कारण नकाशांची स्पर्धा ठेवली होती. एकाच साच्यातली चाळ वाटू नये ही इच्छा. घरे देखणी झाली. भाडे कामगाराला परवडेना, आणि वेलिंग्टनच्या गोदीपासून ती लांब. भाडेकरू मिळवायला सरकारची दमछाक झाली.

काकांना हट खोऱ्याच्या लोकलने दाखवायला नेले. त्यांनी एका घराच्या दाराची कडी निरखून पाहिली, वारसा-जतनाची पाटी पाहिली, इथल्या घरांची आजची किंमत विचारली.
"म्हाडा," काका म्हणाले.

२८.
माओरी जमीन: १८९१ ते १९११ या सेडनच्या लिबरल पक्षाच्या वीस वर्षांत सरकारने सुमारे तीस लाख एकर विकत घेतली. गोऱ्या छोट्या शेतकऱ्यांना ती वाटून दिली, शिवाय स्वस्त व्याजाचे सरकारी कर्ज. १८९३ ते १८९९ माओरी खात्याचा मंत्री स्वतः सेडन. तो मोठमोठे दौरे काढायचा, मराएवर, म्हणजे माओरींच्या सभास्थानी, जेवायचा, भाषणे ऐकायचा, भाषणे करायचा. खरेदी चालू राहायची.

२९.
१९ नोव्हेंबर २०२४. माओरींशी झालेल्या वायतांगी कराराचा अर्थ नव्याने लावू पाहणाऱ्या विधेयकाविरुद्ध मोर्चा. उत्तरेच्या टोकापासून निघालेला, चाळीस हजारांहून जास्त माणसे संसदेपर्यंत. हातात लाल-पांढरे-काळे झेंडे.

३०.
आणि २०२२ चा फेब्रुवारी. लशीच्या सक्तीविरुद्ध त्याच आवारात तेवीस दिवस तंबू. शेवटच्या दिवशी मुलांच्या खेळण्याची घसरगुंडी जळाली. हिरवळ नंतर नव्याने लावावी लागली. सेडनला काही झाले नाही. ब्राँझचा आहे.

३१.
ऑस्ट्रेलियात सामील व्हायचे का, याच्या चौकशीसाठी १९०१ मध्ये दहा जणांचा आयोग नेमला. आयोगाने इथे साक्षी घेतल्या, ऑस्ट्रेलियात फिरून तिथेही घेतल्या. अहवाल एकमताने: नको. सर जॉन हॉल यांनी हे दहा वर्षे आधीच सांगून ठेवले होते. मध्ये १२०० मैलांचा खवळलेला समुद्र, म्हणजे न जाण्याची १२०० कारणे.

सेडन स्वतः उघड काही बोलला नाही, आयोगामागे उभा राहिला. १९०० मध्ये तब्येत सुधारायला म्हणून तो सरकारी जहाजातून पॅसिफिकमधली बेटे फिरून आला होता: टोंगा, फिजी, नीउए, कुक. पुढच्याच वर्षी कुक बेटे आणि नीउए न्यूझीलंडला जोडली गेली. मोठ्या घरात धाकटी सून होण्यापेक्षा आपल्याच घरात सासू झालेले बरे.

३२.
इथल्या मराठी घरांतले गणित वेगळे. पाच वर्षांनी नागरिकत्व, पासपोर्ट हातात, मग मेलबर्न किंवा ब्रिस्बेन. पगार जास्त, ऊन जास्त, भेळ मिळते. गणपतीच्या आरतीला दरवर्षी काही ओळखीचे चेहरे कमी आणि काही नवे.
"तुम्ही कधी निघताय?" हा इथे कुशल विचारण्याचा प्रकार आहे.

३३.
थॉमस बेंट, व्हिक्टोरियाचा प्रीमियर, १९०४ ते १९०९. म्हणजे खराखुरा ऑस्ट्रेलियन मुख्यमंत्री. भाजीपाल्याचा बागायतदार. आधी रेल्वेखात्याचा मंत्री होता तेव्हा मेलबर्नच्या ब्रायटन भागात जमिनींचे व्यवहारही जोरात करायचा. रूळ कुठे पडणार हे एका खुर्चीत कळायचे, जमीन दुसऱ्या खुर्चीत घेतली जायची. बाजार कोसळला तेव्हा बुडाला, पुन्हा वर आला. ब्रायटनमध्ये त्याचाही पुतळा आहे. सेडनची आणि त्याची दोस्ती.

३४.
१९०६ च्या मे-जूनमध्ये सेडन ऑस्ट्रेलियात होता. पंतप्रधान आल्फ्रेड डीकिन यांच्याशी जकातीच्या कराराची बोलणी. मेजवान्या, सत्कार, भाषणे. डॉक्टर विश्रांती घ्या म्हणत होते. निघताना त्याने बेंटला तार केली: देवाच्या स्वतःच्या देशाकडे निघतोय. १० जूनला सिडनीहून 'ऑस्वेस्ट्री ग्रेंज' जहाजात चढला. त्याच संध्याकाळी जहाजावरच वारला. बायको सोबत होती. जहाज मागे वळवून सिडनीला आणले.

ज्या जकातीच्या कराराचे एवढे केले तो पुढे न्यूझीलंडच्या संसदेने फेटाळला.

३५.
वेलिंग्टनला अंत्ययात्रा २१ जूनला. दुसऱ्या दिवशी त्याचा एकसष्टावा वाढदिवस.

३६.
थडग्यासाठी बोल्टन स्ट्रीटच्या दफनभूमीवरची टेकडी ठरली. तिथे सरकारी वेधशाळा होती. ती पाडली आणि नवी वेधशाळा केल्बर्नला वनस्पती उद्यानाच्या माथ्यावर बांधली. सेडनसाठी तारे सरकले.

३७.
साठच्या दशकाच्या अखेरीला त्याच दफनभूमीतून मोटरवे काढला. सुमारे ३७०० मृतांचे अवशेष हलवले. सेडनचा खांब उंचावर होता, तो राहिला. खाली सहापदरी गाड्या. वर खांबाच्या टोकाला न्यूझीलंडची देवी.

३८.
१९०६ मध्ये एका सर्कशीने वेलिंग्टन शहराला एक छावा भेट दिला. त्याच्यापासून प्राणिसंग्रहालय सुरू झाले. सिंहाचे नाव ठेवले किंग डिक. मेल्यावर पेंढा भरला. धक्क्यावरच्या जुन्या बॉण्ड स्टोअरमधल्या संग्रहालयात तो आहे. शाळेच्या सहली येतात. पोरे सिंहापुढे थांबतात, सेडनच्या फोटोपुढे थांबत नाहीत.

३९.
मुलगी एलिझाबेथ वेलिंग्टन नगरपालिकेत नगरसेविका झाली. झाडांसाठी भांडायची. एक मुलगा, कॅप्टन रिचर्ड सेडन, ऑगस्ट १९१८ मध्ये फ्रान्समध्ये पडला. युद्ध संपायला तीन महिने बाकी होते.

४०.
काकांच्या प्रश्नाचे उत्तर: होय. वेस्टलँडची जागा रिकामी झाली, पोटनिवडणूक लागली, टॉम सेडन निवडून आला. वय बावीस.
काकांनी मान डोलावली. आश्चर्य वाटल्याचे काही चिन्ह नाही. पुसदला घराण्यातला असा क्रम त्यांनी पाहिलेला आहे.

४१.
टॉम १९२२ मध्ये पडला. जिंकला मजूर पक्षाचा जेम्स ओब्रायन. १९३५ मध्ये त्या पक्षाचे सरकार आले. पंतप्रधान मायकेल जोसेफ सॅव्हेज, जन्म व्हिक्टोरियातल्या टाटाँगचा. म्हणजे ऑस्ट्रेलियातून इथे येऊन गादीवर बसलेला आणखी एक.

४२.
सॅव्हेजच्या सरकारने १९३६ मध्ये पेन्शनच्या कायद्यातली आशियाई लोकांना वगळणारी ओळ काढली. तिला तेव्हा अडतीस वर्षे झाली होती. कलम सहामधली ओळ काढण्याची गरज अजून कोणाला वाटलेली नाही.